दोरी गळ्यात

कॅन्टोन्मेंटातल्या बंगल्यांची हिरवळ कापायचे ठेके मी घ्यायचो. माझ्या पेट्रोलच्या मशीनची दोरी सुटी होती. इंजिनाच्या चाकाला गुंडाळून ओढली की मशीन चालू. तेलपाणी करणारा आमचा मेकॅनिक कामाआधी ती दोरी स्वतःच्या गळ्यात टाकायचा. एकदा तसाच घरी गेला आणि माझी अख्खी सकाळ बुडाली. तो राग माझ्या मनात होताच.

"दोरी मशीनवरच ठेव," मी दर वेळी ओरडायचो.

"सरी, अण्णा," असं कानडीत 'बरं' म्हणायचा आणि गळ्यातच ठेवायचा. मजुरीतही एक आणा सोडायचा नाही.

एकदा बंगल्यावर पाहुणे यायचे होते. तो मशीनखाली हात घालून पात्यात अडकलेलं गवत काढत होता. तेवढ्यात बंगल्याचे साहेब तणतणत आले. "चालू करा की!" म्हणत स्वतःच वाकले आणि दोरी चाचपू लागले. पात्यावरची बोटं त्यांना दिसत नव्हती. मला दिसत होती, मी धावलो.

"दोरी माझ्याकडं आहे, स्वामी," तो खालूनच म्हणाला. "स्वल्प थांबा."

त्याचा हात बाहेर आला तशी मी त्याची बोटं मोजली.

त्यानंतर दोरी मीच त्याच्या गळ्यात घालायचो, आणि मगच मजुरीवरून भांडण काढायचो.