पिंगळीच्या फलाटावर बसवलेलं मनगट

माझं उजवं मनगट एकदा मोडलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते माझ्या एका मित्रानं बसवलं, हेही मी एक-दोनदा सांगितलंय. पण त्या मित्राबद्दल मी प्राचार्यांच्या खोलीत काय बोललो, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता पन्नाशी उलटली. सांगून टाकतो.

परभणीत आयुर्वेदाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी पालमच्या कापडदुकानदाराचा मुलगा, घरी शिवपूजा, गळ्यात लिंग. तो झरीच्या धनगराचा. त्याचे वडील हाडं बसवायचे. लोक जखमी माणसं बैलगाडीत घालून त्यांच्याकडं आणायचे आणि ती आठ-पंधरा दिवसांनी पट्टी दाखवायला आपल्या पायानं यायची.

दिवस नामांतराच्या आंदोलनाचे होते. एसटी बंद, कॉलेज बंद, परीक्षा दोनदा पुढं गेलेली. पोरं खोलीत वाद घालायला लागली की तो पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचा, "सर्टिफिकेटावर इद्यापीठाचं नाव काय यायचं ते यील. खाली माझं आलं पायजे बाबा."

दुसऱ्यांदा परीक्षा पुढं गेली तेव्हा पालमची गाडी बंद होती, म्हणून त्यानं मला सायकलवर डबलसीट झरीला नेलं. तिथं मी ते पाहिलं. त्याच्या वडलांनी, सगळे त्यांना आबा म्हणायचे, एक मडकं पोत्यात घातलं, तोंड बांधलं आणि वरून दगड हाणला.

"हां डाक्टर, आता जोडा. पोतं सोडायचं न्हाई. वरूनच."

मी बराच वेळ झटलो. आत नुसत्या खापऱ्या खुळखुळत होत्या. आबा हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पेशंट मेला." मग पोतं मित्राच्या पुढ्यात गेलं. तो आईशी मेंढरांच्या चाऱ्याचं बोलत होता, पोत्याकडं बघतसुद्धा नव्हता. बोटं मात्र तरटावरून चालत होती, थांबत होती, परत चालत होती. काही वेळानं आबांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि अलगद खाली सरकवलं. मडकं उभं होतं. तडे दिसत होते, पण उभं होतं. मग कोंबडी आडवी गेली आणि ते कोसळलं.

साडेचार वर्षं मी हाडांची नावं घोकत होतो. हाड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

जेवताना आबा म्हणाले, "माझ्यापरीस हात हाय त्याचा. पर त्याच्याकून शब्द घेतलाय. पास होऊन सरकारी नोंदणीचा नंबर मिळूस्तोर कुणाच्या हाडाला हात लावायचा न्हाई. मला लोक वैदू म्हणत्यात. ह्याला डाक्टर म्हणले पायजेत."

परीक्षेला चार दिवस राहिले असताना आम्ही वाचायला पिंगळी स्टेशनवर गेलो. तिथं एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत शुकशुकाट असायचा. रूळ ओलांडताना माझ्या सायकलचं चाक खाचेत अडकलं आणि मी उजव्या हातावर पडलो. मनगटाला चमच्यासारखा बाक आला. बघूनच दोघांना कळलं.

"चल, सरकारी दवाखान्यात नेतो," तो म्हणाला.

"प्लास्टर घालतील. दीड महिना. मग पेपर कसा लिहू? तू बसव."

"न्हाई."

"अरे, तुला येतंय की!"

"येतंय रे. आबाला शब्द दिलाय गड्या. दुसरं काय बी माग."

मी रडलो. मग खरंच वाकून त्याच्या पायाला डावा हात लावला. तो मागं सरकला. शेवटी माझ्यापुढं बसून त्यानं माझी बोटं हातात घेतली.

"काल मेसमधी भाजी कशाची होती रे?"

"वांग्याची."

"वांगं होतं व्हय त्यात? मला तर घावलंच न्हाई," असं म्हणत त्यानं ओढलं. एक आवाज झाला. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर सगळं झालंही होतं. मनगट सरळ. त्याची बोटं कातड्यावरून फिरत होती, पोत्यावरून फिरली होती तशीच, आणि आत एकेक तुकडा आपल्या जागेवर जाऊन बसतोय असं मला वाटत होतं. माझ्याच हाताकडं मी देवाकडं बघावं तसा बघत होतो.

फलाटावर एक पेरूवाली बसायची. तिच्या मोडक्या टोपलीच्या त्यानं कामट्या मागितल्या. ती म्हणाली, "अख्खी टोपली घिऊन जा की. पाय मोडायचा राहिलाय अजून." त्यानं स्वतःचा पंचा फाडला आणि कामट्या लावून पट्टी बांधली. बोटं मोकळी ठेवली.

"पेन धर."

मी वहीच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं.

पहिला पेपर असाच लिहिला. दुसऱ्या पेपरला बाहेरचे सुपरवायझर होते. पट्टीत कॉपी असेल म्हणून त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. ती कुठली असणार? मला प्राचार्यांसमोर उभं केलं. बांधली कुणी, म्हणून विचारलं. मी मित्राचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "पास होण्याआधी उपचार? करणारा आणि करवून घेणारा, दोघंही घरी जातील."

मी गळ्यातलं लिंग डाव्या हातात धरलं आणि म्हणालो, "सर, मी नको म्हणत होतो. त्यानंच बळजबरीनं हात ओढला."

प्राचार्य आमच्या घरच्या ओळखीचे. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मित्राला पेपरावरून उठवून आणलं.

"हा नको म्हणत असताना तू हात ओढलास, खरंय का?"

तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. माझ्या मनगटाकडं बघत होता.

"व्हय सर," तो म्हणाला. मग म्हणाला, "पट्टी दुसऱ्या कुणाला सोडू देऊ नका. अजून कच्चं हाय. मी सोडतो, तुमी बघा, मीच परत बांधतो."

आणि त्यानं सोडली. आत काही नव्हतं. माझं मनगट एका हातानं तोलून धरून त्यानं कामट्या परत लावल्या. घाई नाही. फक्त गाठ मारताना त्यानं विचारलं, "दुखायलंय का?" मी नकारार्थी मान हलवली. अजूनही कधी देवळात गेलो, तर मला मूर्तीच्या आधी ते हात दिसतात.

मला पेपर लिहायला परत बसवलं. त्याला त्या परीक्षेतून काढलं. मी खोलीवर आलो तेव्हा त्याची ट्रंक गेलेली होती. माझ्या उशीवर चिठ्ठी होती: 'पंधरा दिसानं पट्टी सैल कर. जड उचलू नको.'

तो परत परीक्षेला बसला नाही. मी पास झालो, नंबर मिळाला, पाटी लागली. पुढं खूप वर्षांनी हात मुरगळला म्हणून एक्स-रे काढला. एक्स-रेवाले डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "जुनं फ्रॅक्चर? कुठल्या सर्जननं बसवलं हो? रेघ शोधावी लागतेय." मी म्हणालो, "गावाकडं, एकानं." तिथंही मी त्याचं नाव गिळलं.

तो झरीतच आहे. लोक अजून बैलगाड्यांतून, आता जीपमधूनही, त्याच्याकडं जातात. माझ्या दवाखान्यात कधी त्याच्या गाठीची पट्टी येते. मी ती सोडत नाही. झरीवरून एसटी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो.

आबा वारले. मुलानं दिलेला शब्द मोडला, आणि तोही एकाच्या मर्जीविरुद्ध हात ओढून, असंच समजून वारले. त्यांचं देणं आता फिटणार नाही. मित्राचं बाकी आहे: नको तो म्हणत होता, पाया मी पडलो होतो. हे मला झरीला जाऊन, त्याच्या अंगणात, त्याच्या बायकोमुलांसमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.