सेफ्टीकाकांचं गाऱ्हाणं

आखाती देशातल्या सलालाहसारख्या निवांत गावात राहूनही एक क्षण निर्धास्त न बसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. मूळ कुडाळचे, नोकरी बंदरावर सेफ्टी ऑफिसरची. म्हणून साऱ्या बिल्डिंगचे ते सेफ्टीकाका. चहाला आले तरी आधी आमच्या गॅसची नळी वाकून पाहतात, मग बसतात. खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या, धुक्यात आम्ही डोंगरावर भजी खातो, तेव्हा हे गाडीच्या चाकांखाली दगड लावत फिरतात. पण त्यांचा खरा भरवसा हेल्मेटवर नाही, गाऱ्हाण्यावर. कुठेही निघायचं तर नारळ हातात घेऊन पार्किंगमध्ये उभे राहणार, वाटेतली संभाव्य संकटं एकेक करून देवाला सांगणार आणि दर वाक्याला आम्ही “व्हय म्हाराजा” म्हणायचं. यादी इतकी बारीक, की ऐकता ऐकता मलाच घरी परतावंसं वाटतं!

अशा माणसाच्या एकुलत्या लेकीनं, तन्वीनं, कॅनडाला शिकायला जाण्याआधी बाबांबरोबर जावा बेटावरचा ब्रोमो ज्वालामुखी चढायचा हट्ट धरला. काकांचं अन्नावरचं लक्ष उडालं. “धूर येता म्हणजे आत काम चालू आसा,” ते मला म्हणाले. “चालू मशीनजवळ मी कोणाक सोडणंय नाय.”

शेवटी निघाले, मलाही ओढून. पायथ्याशी सलालाहचा नारळ फोडून गाऱ्हाणं झालं: घोडा उधळला तर, पायरी सुटली तर, गंधक छातीत गेला तर. पायऱ्या चढताना काकांनी तन्वीच्या सॅकचा पट्टा मुठीत आवळून धरला होता. वर पोचलो तर अरुंद वाट, पुढ्यात धूर ओकणारा खड्डा, आतून सतत घरघर, आणि कठडा थोड्याच अंतरावर संपलेला. मीसुद्धा हादरलो.

“खलास! आता खाली!” काका ओरडले. चेहरा पांढराफटक.

तन्वी हलली नाही. शाळेपासून इंग्रजीत वाढलेली पोर, मराठी तिला शोधून आणावी लागते. तिनं हात जोडले. “बा देवा म्हाराजा, माझे बाबा खूप घाबरतात. आता मी लांब जाणार. तिकडे पट्टा पकडायला ते नसणार. तर त्यांची भीती... थोडी तू ठेवून घे, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. काकांनी हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग मूठ सोडली.

तन्वीला जाऊन आता वर्ष होईल. परवा काका चहाला आले आणि नळी न पाहताच बसले. देवानं ऐकलं म्हणायचं. पण मला ते बघवेना. मीच उठलो, स्वयंपाकघरात जाऊन वाकून नळी पाहिली आणि बाहेर येऊन म्हटलं, “काका, सगळं ठीक आहे. तिकडेही ठीकच असेल.”

कपाकडे बघत ते हळूच म्हणाले, “व्हय म्हाराजा.”