माईकवाल्याची साक्ष

सगळ्या गावाचा आवाज ज्याच्या हातात, त्या माईकवाल्याला स्वतःला मात्र गोंगाट सोसत नसे. सभा असो, लग्न असो, कुणाची शोकसभा असो, हा आपला कोपऱ्यात, मशीनच्या बटणावर बोट ठेवून. वक्ता माईकला चिकटला की आवाज कमी, लांब गेला की जास्त. तोंडाने फक्त ‘हॅलो, हॅलो, चेक’. त्यापलीकडे आयुष्यात त्याने त्या माईकवर एक शब्द काढला नव्हता. का, ते कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं.

तर सांगतो. माईकवाला ज्या पंथाचा, त्या पंथाची प्रार्थना म्हणजे गप्प बसणं. मंत्र नाहीत, गाणी नाहीत. तीसेक माणसं जमायची, मुकाट बसायची आणि उठून आपापल्या कामाला लागायची. बसायची कुठे, तर माईकवाल्याच्या गोदामात, स्पीकरच्या खोक्यांवर. यायची तीही मागच्या दाराने, एकेक करून. आजोबांच्या काळात या लोकांना कुठल्याशा गावातून हुसकून लावलं होतं, ती धास्ती अजून अंगात मुरलेली. माईकवाल्याला तर प्रार्थनेतही चैन नसे. डोळे मिटले की कान बाहेर, कुणी आलं की काय.

त्यात बायकोने हट्ट धरला. "चोरासारखं किती दिवस बसायचं? आपली एक खोली हवी, रस्त्याकडे दार असलेली."

निवृत्त नर्सबाईंनी ते मनावर घेतलं. उघडपणे या पंथाच्या म्हणवणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी जागा घेतली, परवानगी मागितली, आणि गावाने आकाशपाताळ एक केलं. ही कोण माणसं? उद्या भोंगे लावतील, पहाटे झोपू देणार नाहीत. नागरिक समितीच्या अध्यक्षांनी तर गावाची शांतता धोक्यात असल्याचं चौकाचौकात घसा फोडून सांगितलं. माईक कुणाचा? अर्थात याचाच.

"त्यांच्या सभेला माईक देता तुम्ही?" बायको कडाडली.

"नाही म्हटलं तर विचारतील, का म्हणून," हा पुटपुटला. त्या दिवशी ती जेवली नाही.

शेवटी नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी लागली. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बायको तिसऱ्या रांगेत. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीण बाईंनी विचारलं, "तुमच्या प्रार्थनेचा आवाज किती होईल?"

नर्सबाई माईकसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. पंख्यांची घरघर तेवढी चालू. मागून एक आजोबा वैतागले, "काही ऐकू येत नाही."

"तेच सांगतेय मी," नर्सबाई म्हणाल्या.

सभागृह हसलं आणि अध्यक्षांचा पारा चढला. "नाटकं आहेत सगळी. आमचा माईकवाला बसलाय इथे. गावातल्या झाडून सगळ्या प्रार्थनास्थळांत यानेच भोंगे बसवलेत. यालाच विचारा."

माईकवाल्याने बटणावरचं बोट काढलं. कसाबसा उठला आणि म्हणाला, "या लोकांना भोंगा लागत नाही. आवाजच नसतो त्यांचा."

"तुम्हाला कसं ठाऊक?" अधिकारीण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही त्यांच्यातले का?"

हो म्हटलं तर घरच्याच माणसाची साक्ष, तिला काय किंमत? खोलीही जाणार आणि धंदाही. बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"नाही," तो म्हणाला. "मी परका माणूस. त्यांनी मला कधी कामाला बोलावलं नाही, म्हणून सांगतो."

अध्यक्षांनीच पुढे केलेला साक्षीदार तो, त्यांना आता काय बोलता येणार? परवानगी मिळाली. सुनावणीत कुणी खोटं बोललेलं आढळलं तर ती रद्द होईल, एवढी एक अट.

घरी बायकोने त्याचं ताट वाढलं. मग म्हणाली, "माझ्या वतीनंही नाही म्हणालात?"

"त्याशिवाय खोली मिळाली नसती."

"मिळाली कुणाला?"

खोली बांधून झाली. गोदामात येणं बंद झालं, सगळे आता तिकडे जाणार होते, हे दोघे सोडून. पहिल्या प्रार्थनेच्या दिवशी माईकवाल्याचा कामात जीव लागेना. वायर गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. शेवटी तो त्या रस्त्याला गेलाच आणि समोरच्या फुटपाथवर उगाच येरझाऱ्या घालू लागला. अध्यक्षही तिथेच होते, कोण कोण आत जातं ते बघत. त्यांनी याच्या खांद्यावर हात टाकला.

"तुझ्या शब्दावर सोडलं बरं का मी. दुसरा कुणी असता तर कोर्टात खेचला असता. पण तू पडलास आपला माणूस."

माईकवाला कसंनुसं हसला. तेवढ्यात रस्त्याच्या त्या टोकाकडून त्याची बायको आली. इकडेतिकडे न पाहता चालत गेली आणि दारातून आत शिरली.

"ती तुझी बायको ना रे? तिथे काय काम काढलं तिने?"

दहा थापा जिभेवर तयार होत्या. झाडलोट करायला, बघायला, नर्सबाईंना निरोप द्यायला.

"बसायला गेली," तो म्हणाला.

"बसायला? म्हणजे ती त्यांच्यातली? आणि तू?"

"मीही."

अध्यक्षांचा हात खांद्यावरून खाली आला. त्यांनी फोन काढला. माईकवाला रस्ता ओलांडू लागला, तेव्हा मागे अध्यक्ष फोनवर कुणाला तरी त्याचं नाव आणि धंदा सांगत होते. आत बायकोने त्याला पाहिलं आणि सरकून जागा केली. ही खोली किती दिवस राहील हे तिला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. तो तिच्याशेजारी बसला.