टायरवरचा फुगा

टायरच्या दुकानात त्याला सगळे मास्तर म्हणत. वय सत्तावीस, पण गिऱ्हाइकाला झापायला लागला की साठीचा वाटायचा. गाडी आली की चाकाच्या कडेवरून तळवा फिरवून लपलेला फुगा हुडकायचा. "हवा तर जात नाही ना," असं कुणी म्हटलं की झालाच तास सुरू. आतले धागे तुटलेत, आज गप्प आहे, उद्या भर रस्त्यात फुटेल. बिचारी माणसं निमूट नवा टायर घेत.

याच तळव्याला एकदा आंघोळ करताना स्वतःच्या उजव्या अंडकोषात वाटाण्याएवढी कडक गाठ लागली. दुखत नव्हती. मास्तरने अंग पुसलं आणि विषय संपवला.

महिन्याभराने जडपणा आला, तेव्हा त्याने दुकानात सोबत काम करणाऱ्या वस्तादाला विचारलं, तेही एका मित्राचं म्हणून. वस्ताद व्यायामशाळेत जायचा, म्हणजे डॉक्टरकीचं निम्मं शिक्षण झालेलंच. त्याने घट्ट जीन्सला दोषी ठरवलं. मास्तर सैल पँट घालू लागला, गाठ वाढतच राहिली. शेवटी दवाखान्यात गेला आणि ऐन वेळी लाजून कंबर दुखते म्हणाला. पट्टा घेऊन परतला. आता या शहाण्याला काय म्हणावं!

चार महिन्यांनी बायकोच्या लक्षात आलं. दुखत नाही गं, म्हणून त्याने हात झटकले.

"हवा जात नाही म्हणणाऱ्याला तू काय सांगतोस, ते मला सांग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. कर्करोग निघाला. त्याने जीन्सचा गुन्हा कबूल केला.

"जीन्सचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेकदा आईच्या पोटातच एखादी पेशी अर्धवट घडते, वर्षानुवर्षं गप्प बसते आणि तरुणपणी वाढू लागते. बरे व्हाल. पण लवकर आला असतात, तर कदाचित नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं."

त्या दिवशी तो मनापासून घाबरला. ऑपरेशन झालं, केमोच्या तीन फेऱ्या झाल्या, केस गेले.

दुकानात परतला तेव्हा, अपेंडिक्स होतं म्हणून सांग, अशी आईची ताकीद होती. तो तसं सांगणारच होता, तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "हवा तर जात नाही ना?"

मास्तरने सगळं सांगितलं. जागेच्या नावासकट, खणखणीत आवाजात. गिऱ्हाइकाने मान खाली घालून दोन टायर घेतले.

ते ऐकून वस्ताद मोरीत गेला, तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा जन्मात पहिल्यांदाच त्याच्याकडे सल्ला नव्हता. त्याला डॉक्टरीणबाईंचा नंबर हवा होता, एका मित्रासाठी.