टँकरच्या वायरलेसवर उसनी जागा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. वायरलेसमधलं माझ्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असं तेव्हा मला वाटायचं. अजूनही वाटतं.

जत तालुक्यातल्या तीन वाड्यांच्या विहिरींवर मी पाण्याची पातळी कळवणारी यंत्रं बसवली होती. त्यांना वेगळी फ्रिक्वेन्सी मिळेना, म्हणून पाण्याच्या टँकरवाल्यांचीच वापरायचं ठरलं. टँकरचं काम बघणाऱ्या साहेबांची अट एकच होती. टँकरवाले बोलत असताना यंत्रांनी तोंड उघडायचं नाही. एकदा जरी उघडलं, तर गाशा गुंडाळायचा.

म्हणजे आधी ऐकणं आलं, आणि सतत ऐकून बॅटरी बसायची. मी यंत्रांना अधूनमधून झोपवायचं म्हटलं, तर तहसील कचेरीतला वायरलेस ऑपरेटर हसला. "मॅडम, झोपलेल्याला काय ऐकू येतंय? चालूच ऱ्हाऊ द्या की."

"मग बॅटऱ्या तुम्ही डोक्यावरून वाहणार का?" मी विचारलं.

त्याच आठवड्यात एसटीची वाट बघताना समोर बाभळीखाली मेंढरं विसावलेली दिसली. एक धनगर जागा, बाकीचे तोंडावर पटका घेऊन आडवे. थोड्या वेळाने त्याने शेजाऱ्याला हलवलं आणि स्वतः लवंडला. माझं काम तिथेच झालं. यंत्रांनीही पाळीपाळीने ऐकायचं, बाकीच्यांनी झोपायचं आणि बोलायच्या ठरल्या वेळेपुरतं उठायचं. जागं असेल त्याने फ्रिक्वेन्सी मोकळी दिसली तरच बारीक इशारा द्यायचा. इशारा नाही, तर कुणी बोलायचं नाही. एक वाडी खोलगटात होती. तिथल्या यंत्राला टँकरवाल्यांचं बोलणं पोचतच नव्हतं, त्यामुळे त्याला सगळं कायम मोकळंच वाटलं असतं. त्याला मी राखणीच्या पाळीतून काढलं. त्याने फक्त टेकडीवरच्या वाडीतल्या यंत्राचा इशारा ऐकायचा.

चाचणीच्या दिवशी साहेब कचेरीत येऊन बसले. यंत्रांची बोलायची वेळ झाली, आणि नेमका एका ड्रायव्हरचा क्षीण आवाज आला, "गाडी वड्यात रुतलीया, दुसरी पाठवा." तो अडखळत ओढ्याचं नाव सांगत राहिला. मध्ये एकाही यंत्राने तोंड उघडलं नाही.

"बंद पडली वाटतं तुमची यंत्रं," साहेब म्हणाले.

"चालू आहेत, म्हणून तर गप्प आहेत," मी म्हटलं, आणि मला भयंकर आनंद झाला.

ड्रायव्हर थांबला तशी यंत्रं एकेक करून बोलली. शेवटचं खोलगटातलं. त्याची पातळी शून्य होती, म्हणजे विहीर कोरडी. ऑपरेटरने लगेच माइक ओढला आणि पुढचा टँकर त्या वाडीकडे वळवला. साहेब माझं अभिनंदन करत होते. तिकडे विहीर आटलेली असताना मी यंत्रांवर खूश होत बसले होते; मला त्यांच्याकडे बघवेना.