चुलीवरच्या पावत्या

मी आयुष्यात एकदाच पुरावा गायब केला आहे. तोही ज्या बाईचा होता तिच्याच भल्यासाठी, तिला घरात ठेवून घेऊन, दोन वेळा गरम पोळ्या वाढून.

तेव्हा मी चाळिशीची होते, केंद्र सरकारात असिस्टंट. आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ऑफिसात माझ्या फायलींचं भारी नाव होतं. प्रत्येक पानाला नंबर, महत्त्वाच्या कागदाला रंगीत पताका, टॅग असा ओवलेला की गाठ दिसू नये. आमचे साहेब म्हणायचे, "मॅडम की फाइल तो शादी का अल्बम है." हे वाक्य मी किमान वीस जणांना ऐकवलं असेल. देशात नवं वारं सुटलं होतं, जमनापार नोएडात आमच्या सोसायटीचे फ्लॅट तयार होत आले होते आणि ओट्याचा ग्रॅनाइट काळा की लाल, यावरून मी आमच्या ह्यांच्याशी चार दिवस अबोला धरला होता. इतकी मोठी माझी दुःखं.

अशात धुळ्याच्या मैत्रिणीचं पत्र आलं. ती तिकडे सातपुड्यात आदिवासींच्या जमिनीच्या कामात होती. लिहिलं होतं: इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जी शेतं कसतात, ती सरकारच्या दप्तरात जंगल म्हणून लागली आहेत, म्हणून ही माणसं अतिक्रमण करणारी ठरतात. येत्या पावसाआधी जंगलखातं त्यांच्या शेतात खड्डे खणून झाडं लावणार आहे. दिल्लीतल्या वनमंत्रालयातला एक डायरेक्टर सोमवारी ऐकून घ्यायला तयार झालाय. ही जमीन जुनी कसलेली आहे हे कागदावर दाखवता आलं तर तो लागवड थांबवू शकतो. मी काविळीनं पडले आहे, गावातली एक बाई एकटीच येते आहे, तिला हिंदी येत नाही. तू तिच्या वतीनं बोल.

मला वाटलं, कुणी तरी बिचारी येणार. घाबरलेली, गर्दीत हरवणारी. स्टेशनवर मी तिचा हात धरायला गेले तर तीच माझा हात धरून पुलावरून मला पहाडगंजच्या बाजूला उतरवून मोकळी झाली. "माणसं चालली तिकडं चालायचं," म्हणाली. माझ्याच वयाची, काटक, दोनदा तुरुंगात जाऊन आलेली. घरची भाषा वेगळी; मराठी संघटनेच्या बैठकांत शिकलेली, मोजकी आणि स्वच्छ. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. मला तू, आमच्या ह्यांना तू. ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच परक्या बाईनं "तू जेवला का?" विचारलं. ते इतके गोंधळले की दोनदा जेवले.

तिच्याजवळ एक पिशवी आणि हातभर लांबीचं बांबूचं नळकांडं होतं, तोंडाला चिंधीचा बोळा. "यात गावाचे कागद. चुलीवर टांगून ठेवलेले, म्हणजे वाळवी लागत नाही, उंदीर खात नाही," ती म्हणाली आणि नळकांडं माझ्या हातात दिलं. "तुला लिहिता-वाचता येतं. नीट लाव."

नीट लाव! हे मला सांगायचं?

शनिवारी ती जंतरमंतरवर गेली. तिचं तिथं काही काम नव्हतं. "आलेच आहे तर दुसऱ्यांच्या धरण्यात बसते. आमच्याकडेही येतात लोक," म्हणाली, आणि शेजारणीच्या मुलीला बरोबर घेऊन निघाली. मी चष्मा लावून बसले. नळकांड्यातून अर्ज निघाले, ग्रामसभेचा ठराव निघाला, हातानं काढलेला नकाशा निघाला. आणि निघाला एक काळपट, धुरकट वासाचा गठ्ठा. एकेक चिठोरं उलगडून वाचलं. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या! अमक्यानं जंगलात नांगर धरला, दंड. तमक्यानं ज्वारी पेरली, दंड. वर्षानुवर्षांच्या.

मी म्हटलं, अरे देवा, ही भोळी माणसं स्वतःच्या गुन्ह्यांचे दाखले घेऊन सरकारकडे आली आहेत! डायरेक्टरनं हे पाहिलं तर उभ्या उभ्या हाकलेल. असा अर्ज कुठल्या ऑफिसात करतात? मी तो गठ्ठा अलगद बाजूला काढला, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातला आणि जुन्या ट्रंकेत टाकला, जिथे मुलांची प्रगतिपुस्तकं असायची. सरकारी माणूस कागद फेकत नाही, एवढी अक्कल तरी होती. उरलेल्याची फाइल केली. अहाहा, काय फाइल! पताकासुद्धा हिरव्या लावल्या, जंगलाचा विषय म्हणून.

संध्याकाळी तिनं फाइल हातात घेतली, वजन केल्यासारखी. "सगळं आलं यात?"

"बिल्कुल," मी म्हटलं.

रविवारी आमचे हे टेम्पो करून अर्धं सामान नोएडाच्या फ्लॅटवर टाकून आले. मी भाजी निवडत होते. काय काय नेलं, विचारलंसुद्धा नाही.

सोमवारी पोटदुखीची रजा टाकून मी तिला घेऊन लोधी रोडच्या त्या इमारतीत गेले. डायरेक्टर माणूस बरा होता, कंटाळलेला पण सभ्य. त्यानं फाइल चाळली, माझ्या पताकांकडे कौतुकानं पाहिलं (हो, मी ते टिपलं) आणि म्हणाला, "बहुत सुंदर. लेकिन इसमें प्रूफ कहाँ है? ठराव तो कोई भी लिख लेगा. खेती पुरानी है, ये किस कागज से मानूँ?"

मी तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पावत्या दाखव त्याला."

"कुठल्या पावत्या?" असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. खोटं बोलायची सवय नसली की माणूस मूर्खासारखं बोलतं.

"दंडाच्या. तारीख आहे, माणसाचं नाव आहे, शेत कुठलं ते आहे, खाली जंगलवाल्याची सही आहे. त्यानंच लिहून दिलंय ना, की हा माणूस त्या साली इथं नांगरत होता. दुसरा कुठला कागद आमच्याकडं असणार?"

ती त्या साहेबाकडे वळून सरळ मराठीत बोलू लागली आणि मी त्याचं हिंदी करत गेले. दर साली गार्ड यायचा. त्याला पैसे हवे असायचे, कोंबडा हवा असायचा, पावती नको असायची. हिच्या सासूनं पहिल्यांदा सांगितलं, कोंबडा पण ने, पण लिहून दे. एका साली तो लिहीना, तर सगळ्या बायका त्याच्या चौकीपुढे दिवसभर बसल्या. स्वयंपाक नाही, पाणी नाही. सांजेला त्यानं प्रत्येकीच्या घराची पावती फाडली. कुठलाही वकील त्या डोंगरात चढायच्या आधीची ही गोष्ट. दंड भरणारी माणसं मी पाहिली होती. दंड झाल्याचं लेखी मिळावं म्हणून उपाशी बसणाऱ्या बायका मी पहिल्यांदाच ऐकत होते.

डायरेक्टर पुढे वाकला. "तो रसीदें कहाँ हैं?"

मग मी कबूल केलं. आधी हिंदीत, मग मराठीत. दोन्हीत सारखंच वाईट वाटलं. ट्रंक कालच नोएडाला गेली, हेही त्याच वेळी माझ्या डोक्यात उजाडलं.

ती ओरडली नाही. "किती लांब?" एवढंच विचारलं.

डायरेक्टर उद्यापासून पंधरा दिवस टूरवर जाणार होता. घड्याळ बघून म्हणाला, "साढ़े पाँच तक बैठा हूँ."

त्या काळी दिल्लीची ऑटो यूपीत शिरत नसे. बॉर्डरवर ऑटोवाल्यानं आम्हांला उतरवलं, "बस, मेरा इलाका खतम." तिथून पायी पलीकडे, मग सायकलरिक्षा, अर्धवट डांबराचा रस्ता, धुळीत उभे पांढरे टॉवर. सोसायटीच्या गेटाला कुलूप. किल्ल्या चौकीदाराकडे आणि चौकीदार जेवायला गेलेला. मी गेट हलवत बसले. ती मात्र कुंपणाशी म्हैस चारणाऱ्या एका म्हातारीकडे गेली.

"हिला विचार, इथं आधी कोण कसत होतं?"

"सरकारी अथॉरिटीची जमीन आहे ही," मी मोठ्या माहितगारपणे म्हटलं.

"अथॉरिटी नांगर धरती का? विचार."

विचारलं. म्हातारीनं आमच्या बी ब्लॉककडे बोट केलं. "हमारा ही था, बहनजी. गेहूँ होता था. जहाँ वो पानी की टंकी है, वहाँ कुआँ था."

"तुझ्याकडं कागद नव्हता?" माझ्या बाईनं मला विचारायला लावलं.

"कागज पक्का था. पैसा भी मिला. बेटों ने मोटर ले ली," म्हातारी म्हणाली आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

माझी बाई त्या टाकीकडे पाहू लागली. मग म्हणाली, "कागद असून गेली हिची." तेवढ्यात चौकीदार तोंड पुसत आला आणि आम्ही तीन जिने पळत चढलो.

ट्रंक माझ्या भावी मॉड्युलर किचनच्या मधोमध होती. पिशवी सापडली. मी म्हटलं, "चला, चला, चार वाजले!" ती खाली फरशीवर मांडी घालून बसली आणि एकेक पावती मांडू लागली. तिला अक्षर येत नव्हतं. घडीवरून, डागावरून, फाटलेल्या कोपऱ्यावरून ती घर ओळखत होती. हे नाल्याकडचं घर. हे मोहाच्या झाडाचं. ही विधवा, तिच्या तीन.

"बाई, वेळ होतोय हो!"

"एक घर राहिलं तर त्यांना सांगायला तू येशील का गावात?"

मीही फरशीवर बसले. एक घर खरंच राहत होतं. शेवटी ती पावती माझ्या मुलाच्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात चिकटलेली निघाली, गणिताच्या पानाला.

आम्ही परत पोचलो तेव्हा डायरेक्टर बॅग घेऊन खोलीच्या दारात उभा होता. तिनं त्याची वाट अडवून त्याच्या हातात एक पावती दिली. "वाच." त्यानं चष्मा लावून वाचली. दुसरी वाचली. मग बॅग खाली ठेवून परत खुर्चीत बसला आणि फोटोकॉपीसाठी माणूस बोलावला. मूळ पावत्या तिनं तिथेच मोजून परत घेतल्या. साहेब म्हणाला, छान, मी आजच राज्याला पत्र काढतो, चौकशी होईपर्यंत त्या शेतांत लागवड नको. मी उठले. ती उठेना.

"आता काय?" मी कुजबुजले.

"त्यानं आमचे कागद घेतले ना? मग त्याला म्हण, पावती दे."

डायरेक्टर खो खो हसला. पण त्यानं लेटरहेड काढलं आणि स्वतःच्या हातानं पोच लिहून दिली. आमच्या मंत्रालयात इतक्या वर्षांत कुणी माझ्या साहेबांकडून असं लिहून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तर नाहीच घेतलं.

त्या पावसाळ्यात तिथे खड्डे पडले नाहीत, ज्वारी पेरली गेली. पुढे लढा पुष्कळ वर्षं चालला. जमिनी नावावर करणारे पट्टे मिळाले, सगळ्यांना नाही. तिचा स्वतःचा सगळ्यांत शेवटी, कारण ती दर वेळी दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज पुढे सरकवायची. माझ्या नातींना हे सांगते तर त्या म्हणतात, "आजी, यू वर द व्हिलन!" बिल्कुल होते.

पण त्या सोमवारी संध्याकाळी मी तिला गाडीत बसवायला गेले होते. डब्यात तिला खिडकी मिळाली होती, नळकांडं मांडीवर आडवं. दिवसभराची माफी मागायची राहिली होती. ती मागायला गेले आणि भर डब्यात रडायलाच लागले. पदरानं नाक पुसत "चुकलं हो माझं, फार चुकलं" असं काहीबाही म्हणत राहिले. समोरचे लोक बघायला लागले. तिनं मला शेजारी बसवलं, पिशवीतून माझ्याच हातची पोळी काढून अर्धी मला दिली आणि म्हणाली,

"रडू नको. तू वाईट नाहीस. तुला आजवर कुणी दंड केला नाही ना, म्हणून तुला पावती ओळखता आली नाही. खा, आणि उतर आता, गाडी हलली."