हिरव्या दारामागे

इस्पितळातल्या नोकरीतून फेलिस्ता नागोली निवृत्त झाली, तेव्हा तिला घरी बसायची भीती वाटत होती. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. झोंबाच्या डोंगराखाली दोन खोल्यांचं घर, अंगणात पपई, चार कोंबड्या. नवरा कधीच गेलेला, मुलगा दूर दक्षिणेत खाणीत कामाला. घर इतकं शांत, की चालताना कमरेला गुंडाळलेल्या चितेंज्याच्या कापडाची सळसळ ऐकू यायची. आणि त्या सळसळीत तिला कुणाच्या तरी तोंडावर चादर ओढल्याचा भास व्हायचा.

तिच्या नोकरीची शेवटची वर्षं मोठ्या वॉर्डात गेली होती. एड्सवरचं औषध अजून इकडे पोचलं नव्हतं, तो काळ. एका खाटेवर दोघं, खाटेखाली तिसरं. सकाळी ज्याला लापशी भरवली, त्याचे दुपारी डोळे मिटायचे. फेलिस्ता अंग पुसायची, हनुवटी बांधायची आणि वॉर्डाच्या टोकाला असलेल्या हिरव्या दारातून गाडा आत ढकलायची. रडायला सवड नव्हती. पुढच्या खाटेवरून कुणीतरी पाणी मागत असायचं.

चर्चमागच्या अनाथाश्रमात बिनपगारी माणसं हवी आहेत असं कळल्यावर ती लगेच तिथं जाऊन उभी राहिली. आश्रम सांभाळणाऱ्या चिंबायोबाई अंगानं भरलेल्या आणि तोंडानं फटकळ.

"इथं येणारे आधी पोरांचे मुके घेतात," त्या म्हणाल्या, "आणि मग पोटात दुखतं म्हणून घरी बसतात. तुमचं पोट कधी दुखणार?"

"माझं घरीच दुखतं, बाई."

चिंबायोबाई खदखदून हसल्या आणि त्यांनी तिच्या हातात साबण दिला.

आंघोळीची पहिलीच सकाळ. साबण लावलेलं एक पोरगं डोळे मिटून, तोंड वर करून उभं राहिलं आणि फेलिस्ताचं काळीज लक्कन हललं. हे कपाळ तिनं पुसलं होतं. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी होता, त्याचं कपाळ. पुढची मुलगी आली, तिचे कानही ओळखीचे. तिच्यामागच्याची जिवणीही. वॉर्डातून गेलेली माणसं लहान होऊन, रांग लावून तिच्यापुढं आंघोळीला येत होती. तिनं कसंबसं सगळ्यांवर पाणी ओतलं, आंब्याच्या झाडामागं गेली आणि तिला ओकारी झाली.

तरी दुसऱ्या दिवशी ती आली. रोज येत राहिली. मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायची, भोपळ्याचा पाला निवडायची, फाटके सदरे शिवायची. हळूहळू पोरं तिला आजी म्हणायला लागली. एनेलेसी सोडून.

एनेलेसी आठेक वर्षांची असेल, काटकुळी. फेलिस्तानं वाढलेल्या ताटाला ती हात लावत नसे. आणि एके दिवशी आंघोळीच्या रांगेत ती सगळ्यांसमोर ओरडली, "हिला हात लावू देऊ नका! ही बाई माणसांना हिरव्या दारात नेते. आत गेलेलं कुणी परत येत नाही!"

पोरं पांगली. छोटी रडायला लागली. फेलिस्ता ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. तिला राग आला नाही. उलट आपण इतके दिवस जे ऐकायची वाट पाहत होतो, तेच कुणीतरी बोललं असं तिला वाटलं.

दुपारी चिंबायोबाईंनी तिला बाजूला घेतलं. "तिची आई तुमच्याच वॉर्डात गेली. पोर दाराशी उभी असताना मामानं तिला उचलून नेलं, तिनं आईवर माती पडलेलीही पाहिली नाही. तिला सांगा ना काहीतरी. आईनं शेवटी तुझं नाव घेतलं म्हणावं. कुणाचं काय जातंय?"

एनेलेसी दोरीवरचे कपडे काढत होती. फेलिस्ता दुसऱ्या टोकाकडून काढायला लागली. मध्ये एक चादर उरली.

"माझी आई कुठं ठेवलीस?" चादरीपलीकडून पोरीनं विचारलं.

"नाव काय तिचं?"

"मलिता. इथं मानेवर भाजल्याचा डाग होता. तू तिला गाड्यावर घातलंस. मी पाहिलं."

फेलिस्तानं खूप आठवलं. मान, डाग, मलिता. एवढी माणसं रोज डोळ्यांपुढं यायची आणि नेमकी ही एक येईना. चिंबायोबाईंचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"मला आठवत नाही गं, बाळ. फार माणसं होती."

पोरीनं हातातले कपडे मातीत आपटले. "तुला आठवत नाही? तूच नेलंस आणि तुलाच आठवत नाही?"

"हो. पण ते दार मला माहीत आहे. बघायचंय?"

हे ऐकून चिंबायोबाईंनी कपाळावर हात मारला. "पोर दचकून मरेल!"

"ती आत्ताही झोपेत दचकतेच," फेलिस्ता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी चालत इस्पितळात गेल्या. निवृत्त झाल्यापासून फेलिस्तानं तो रस्ता टाळला होता. हिरव्या दारापुढं तीच आधी थांबली. जुन्या ओळखीच्या चौकीदारानं कडी काढून दिली. आत कुणी नव्हतं. सिमेंटचा ओटा, एक नळ, फिनेलचा वास, आणि समोरच्या भिंतीत आणखी एक दार.

"ते कुठं जातं?" एनेलेसीनं विचारलं.

"बाहेर. तिथून मामानं आईला गावी नेलं असणार. सोबत बायका मयताची गाणी गात असणार."

"असणार म्हणजे? तुला माहीत नाही?"

"मी ते कधी उघडलं नाही. मी इथूनच मागं फिरायचे."

पोरीनं तिच्याकडं मोठ्या माणसासारखं पाहिलं. मग पुढं होऊन दोन्ही हातांनी अडसर ओढला. बाहेर लख्ख ऊन होतं. निळ्या फुलांचा सडा पडलेला रस्ता थेट मोठ्या सडकेला मिळत होता, कडेला एक म्हातारा मक्याची कणसं भाजत बसला होता. एनेलेसी उंबऱ्यावर बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. फेलिस्ताही शेजारी टेकली. त्या वॉर्डासाठी ती पहिल्यांदाच रडत होती. म्हाताऱ्यानं काही न विचारता दोघींपुढं एकेक कणीस धरलं.

पोर काही लगेच गळ्यात पडली नाही. पण तिनं आश्रमात जाऊन काय सांगितलं कोण जाणे, आठवड्यात आणखी तीन मुलं फेलिस्तापुढं येऊन उभी राहिली.

"आजी, आम्हालापण ते मागचं दार बघायचंय."

"अगं बाई!" चिंबायोबाई ओरडल्या. "लोकांची पोरं सहलीला तळ्यावर जातात आणि आमची ही!" मग त्यांनीच एकेकाचं नाक पुसून सदऱ्याची बटणं लावून दिली.

आंघोळीच्या वेळी ओळखीचे चेहरे यायचे काही थांबले नाहीत. फेलिस्तानं ते थांबावेत असं मागणंही सोडलं. आता ती साबण लावता लावता विचारायची, "ही जिवणी कुणाची गं, आईची की बाबांची?" ज्यांना ठाऊक असायचं ती मुलं सांगत बसायची, पाणी गार होईपर्यंत.